फुली मारलेला टायर

माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, खुशाल निमगडे घुग्घुसला एका ट्रकमालकाच्या गॅरेजात टायर बसवायचे. १९७६ च्या उन्हाळ्यात चाकात हवा भरताना चाकाची लोखंडी रिंग उडाली आणि त्यांच्या छातीवर बसली. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांची बायको मनकर्णा, जिला मी मोठीमाय म्हणायचे, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. पोरबाळ झालेलं नव्हतं. तिला मूल गावी राहणाऱ्या भावाकडे पाठवावं की घरात ठेवावं, यावर मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी नातेवाईक बोलत बसले, आणि ती आत भांडी घासत सगळं ऐकत होती. माझ्या आजीनं, गिरजाबाईनं, ते बोलणं तोडलं.

"घर तिचंबी हाय. ती इथीच राहीन."

अशी ती आमच्याबरोबर चंद्रपूरला राहिली. माझे बाबा घनश्याम हे तिचे धाकटे दीर, लाकूड डेपोत कारकून. भाड्याच्या दोन खोल्या, त्यांत आजी, आई-बाबा, आम्ही दोघी बहिणी आणि मोठीमाय. तिला बसून खाणं जमणारं नव्हतं. मूलला जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या टायरांना नवं रबर चढवायचा एक कारखाना होता, तिथे झाडझूड करायला बाई पाहिजे होती. ज्या धंद्यानं नवरा नेला त्याच धंद्यात कशाला जाता, म्हणून माझी आई गोकुळा हिनं तिला अडवून पाहिलं.

"टायरनं नाई मारलं त्याईले," मोठीमाय म्हणाली. "रिंगीनं मारलं." आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाली.

टायर झिजला की वरची नक्षी जाते, पण आतला धाग्यांच्या थरांचा सांगाडा पुष्कळदा शाबूत असतो. कारखान्यात तो खरवडून त्यावर नवं रबर लावायचे आणि साच्यात घालून वाफेवर भाजायचे. बाहेर निघाला की काळाकुळकुळीत, कोरा करकरीत दिसायचा. आतला सांगाडा सडका असला तरी वरून कोणाला कळायचं नाही. म्हणून सगळ्यांत आधी प्रत्येक जुना टायर फाकवून, आत दिवा धरून, हात फिरवून पाहावा लागे. कुठे धागे तुटलेत, कुठे थर सुटलेत, कुठे पाणी मुरलंय. हे काम सोमाजी नावाचे एक म्हातारे मिस्त्री करायचे. त्यांना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं तसं ते झाडू मारणाऱ्या मोठीमायला शेजारी बसवून घेऊ लागले.

"डोयानं नोको पाहू पोरी," ते सांगायचे. "डोया फसवते. हात फिरव."

दोन वर्षांनी सोमाजी मिस्त्री वारले आणि त्यांच्या टेबलावर मोठीमाय बसली. तिच्या पदराला कायम खडूची पूड असायची. चांगल्या टायरवर ती बरोबरची खूण करायची, खराब टायरवर फुली. फुलीचे टायर मागच्या भिंतीशी जमा व्हायचे. ते बैलबंडीवाले घेऊन जातात, असं मालकानं तिला सांगितलं होतं. बंडी चालते ती पायी चालणाऱ्याच्या चालीनं, तिथे टायर फुटला तरी माणूस मरत नाही. तिला ते पटलं होतं. सात-आठ वर्षं ती त्याच समजुतीवर फुल्या मारत राहिली.

१९८४ मध्ये आजीचं डावं अंग लुळं पडलं. जीभही जड झाली. तिला एसटीत चढवणं म्हणजे चार माणसांचं काम झालं, तेव्हा बाबांनी धंदा आवरत असलेल्या एका जंगल-ठेकेदाराची जुनी अँबेसेडर घेतली. आमच्या मोहल्ल्यातली ती पहिली मोटार. सहा महिन्यांत तिच्यातून तीन बाळंतिणी आणि एक साप चावलेला माणूस दवाखान्यात पोचले. पण तिचे टायर अगदी गुळगुळीत झाले होते. एकातून तर पांढरे धागे दिसत. पुढच्या मे महिन्यात चामोर्शीला आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. आजीला न्यायचंच होतं. एवढ्या उन्हात या टायरांवर जायचं नाही, असं मोठीमायनं बजावलं, तेव्हा बाबा म्हणाले, "मंग तुमच्याच कारखान्यातून चार घेऊ." एका दुपारी ते निघाले आणि मीही हट्टानं बरोबर गेले. मी तेव्हा नववीत होते.

मालक पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस होता. कामगारांनाही भाऊ-बाई म्हणायचा. त्यानं आम्हाला बाकावर बसवलं, थंड पाणी दिलं.

"निमगडेभाऊ, तुमच्या घरीच तं पारखी हाय," तो हसून म्हणाला. "बाईच निवडून देतीन."

अँबेसेडरच्या मापाचे दहा-बारा टायर फळीवर ओळीनं उभे होते. मोठीमाय एकेक खाली उतरवायची, गुडघ्यानं दाबायची, कड फाकवून कोपरापर्यंत हात आत घालायची. काही बाजूला ठेवले, काही परत ठेवले. बाबांना घाई झाली होती.

"वयनी, सगळे तं नवेच दिसून राह्यले."

"वरून दिसतेत भाऊजी."

सातव्या की आठव्या टायरात तिचा हात गेला आणि थांबला. तिनं हात बाहेर काढला, टायर फिरवून त्याची बाजू पाहिली. तिथे आधीच्या कोण्या मोटारमालकानं ओळखीसाठी डागलेली खूण होती, गोलात दोन रेघा. हा टायर तिनं पंधरा दिवसांपूर्वी पाहिला होता. आत तळव्याएवढ्या जागेत धागे तुटलेले होते, आणि तिनं त्यावर मोठी फुली मारली होती. आता फुली पुसलेली होती. तुटलेल्या जागेवर आतून रबराची पट्टी चिकटवली होती आणि वर नवी नक्षी चमकत होती.

हे सगळं मला तिनं पुढे सांगितलं. त्या दुपारी मी पाहिलं ते एवढंच, की तिनं मान वर करून मालकाकडे पाहिलं, आणि मालकानं तिच्याकडे.

"तो राहू द्या बाई," मालक म्हणाला. "दुसरा पाहा."

आवाज जरासुद्धा चढला नाही. मोठीमायनं तो टायर उचलून फळीवर होता तिथे ठेवला. नंतर तिनं उरलेल्यांना हात लावला नाही. बाबांना म्हणाली, "इथून हे दोनच घ्या, मांगच्या चाकाले. समोरचे दोन बजारातून नवे आणा."

"काऊन? चारही इथंच भेटून राह्यले ना."

"समोरचा फुटला तं गाडी हातात राहत नाई. नवेच पाह्यजेत."

बाबा मालकासमोर ओशाळले. घरी येऊन आईपाशी कुरकुरले, की वयनीचं हे नेहमीचंच, हिला सगळ्यात खोटच दिसते. पण टायरच्या बाबतीत तिच्या शब्दाबाहेर जायची त्यांची हिंमत नव्हती. नवे दोन आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीमायनं मालकाला एकटं गाठून विचारलं, "मालक, बंडीचा टायर होता तो. फळीवर कसा आला?"

"चुकीनं चढला असन," मालक म्हणाला. "पाहतो मी."

दुपारी फळीवर तो टायर नव्हता. मागच्या भिंतीशी जाऊन पाहिलं असतं तर तिला कळलं असतं, की तो ढिगात परत गेला की विकला गेला. भिंत तीस पावलांवर होती. ती गेली नाही.

"कळू नये म्हून गेली नाई," ती मला पुढे म्हणाली. "कळलं असतं तं काहीतरी करा लागलं असतं."

लग्न पार पडलं. आम्ही चामोर्शीहून परत निघालो तेव्हा नवतपा, मे अखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. गडचिरोली मागे टाकून, वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही सावली गावाच्या दिशेनं येत होतो. दुपारचा एक वाजला असेल. रस्त्याचं डांबर पाघळलं होतं. आजीच्या डोक्यावर आईनं ओला दुपट्टा ठेवला होता आणि तो दर दहा मिनिटांनी वाळत होता. पुढे तेंदूपत्त्याचा एक ट्रक आडवा थांबलेला दिसला, आणि माणसं धावत होती.

हिरवी अँबेसेडर मोहाच्या झाडावर आदळली होती. पुढचा भाग झाडानं आत घेतल्यासारखा झाला होता. चालवणारा माणूस तिथेच गेला होता. इस्तारी गुरनुले, सावलीकडच्या एका शाळेत गुरुजी होते, हे नंतर कळलं. ट्रकवाल्यांनी त्यांच्या बायकोला बाहेर काढलं होतं. तिचा उजवा पाय मांडीपासून वाकडा लोंबत होता. आणि एक सहा-सात वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेला कोणाच्या तरी दुपट्ट्यावर निजवलेली होती. तिला बाहेरून काही लागलेलं दिसत नव्हतं.

बाबांनी आईला, आजीला आणि माझ्या बहिणीला झाडाच्या सावलीत उतरवलं आणि गाडी गडचिरोलीकडे वळवू लागले. मोठीमाय मुलीला उचलायला निघाली ती मध्येच थांबली. रस्त्यावर नव्या रबराचा एक लांब पट्टा सोललेल्या सालीसारखा पडला होता. ती त्या फुटक्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाशी गेली, खाली बसली. चिंध्या झालेल्या टायरच्या बाजूवरून तिनं अंगठा फिरवला. गोल. दोन रेघा.

"वयनी, चला ना!" बाबा ओरडले.

ती आली, मुलीला मांडीवर घेऊन मागे बसली. गुरुजींच्या बायकोला ट्रकवाल्यांनी तिच्या शेजारी आडवं केलं. मी पुढे बसले. बाबांनी एवढ्या जोरात गाडी कधी हाकली नव्हती. मुलीनं एकदा पाणी मागितलं. मोठीमायनं तिच्या ओठांना पाणी लावलं. पूल यायच्या आधीच मुलगी शांत झाली. मी मागे वळून पाहिलं तर मोठीमायनं माझ्याकडे नुसती मान हलवली, की बोलू नको.

बाई शुद्धीवर होती. वेदनेनं तिचे दात वाजत होते. "पोरगी झोपली का?" तिनं विचारलं.

"झोपली," मोठीमाय म्हणाली.

थोड्या वेळानं पुन्हा, "मंगली झोपली का वो?"

"झोपली बाई. तुमी बोलू नोका."

दवाखान्याच्या दारात मोठीमाय मुलीला तशीच उराशी धरून उतरली आणि डॉक्टरांनी हातातून घेतली तेव्हाच तिचे हात सुटले.

त्यानंतर नऊ दिवस ती कामावर जात राहिली. टेबलाशी बसायची, टायर फाकवायची, खूण करायची. घरी कोणाशी बोलत नव्हती. आईला वाटलं, पोरीचं मरण मांडीवर झालं म्हणून मन बसलंय. नवव्या दिवशी दुपारी ती कामावरून अर्ध्यातच घरी आली. बाबा डेपोत होते, आई नळावर होती. ती आजीच्या खाटेशी जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मी दाराशी तांदूळ निवडत होते. टायर कोणता, फुली कधी मारली, मालक काय बोलला, आपण भिंतीपर्यंत का गेलो नाही, एकेक करून तिनं सांगितलं, कोर्टात सांगावं तसं.

आजीला एकेक शब्द जिभेवर गोळा करावा लागायचा.

"सांग," आजी म्हणाली. "आधी... तिले सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी गडचिरोलीला गेलो. गुरुजींच्या बायकोचा, ठमाबाईचा, पाय गुडघ्याच्या वरून कापला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी तिची म्हातारी आई बसली होती. मोठीमायला पाहून ठमाबाईनं ओळखलं.

"तुमीच ना, पोरीले मांडीवर घेतली होती?"

"हो."

"बसा."

मोठीमाय बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, तुमच्या गाडीचा टायर खराब होता. मी त्याच्यावर फुली मारली होती. मालकानं फुली पुसून विकला. मले विकायच्या आधी माहीत झालं होतं. मी कोणाले बोलली नाई."

ठमाबाईला ते एकदम कळलं नाही. तिनं पुन्हा सांगायला लावलं. मोठीमायनं तेच शब्द पुन्हा सांगितले. म्हातारी रडायला लागली, पण ठमाबाई रडली नाही.

"तुमच्या गाडीले नाई लावला तो?"

"नाई. आमी दुसरे घेतले."

ठमाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "ही तुमच्या गाडीत होती त्या दिवशी?"

"होती."

"ही तुमची पोरगी?"

"दिराची हाय. माह्या घरची."

"येवढीशी गोष्ट होती," ठमाबाई म्हणाली. "तो टायर तुनं तिथंच काऊन नाई कापला? चाकू नोता का तुह्यापाशी? काऊन नाई कापला?"

कारखान्यात चाकू होता. टेबलाच्या खणातच असायचा.

"मले गाडीत सांगतलं, झोपली म्हून," ठमाबाई म्हणाली. "तेबी खोटं."

"हो."

"पोलिसाले सांगतलं?"

"आता जातो."

"मंग जाय. माह्यासमोर उभी नोको राहू."

ठाण्यातल्या जमादारानं अर्धं पान लिहून घेतलं. मध्येच लेखणी थांबवून म्हणाला, "बाई, तुम्हाला माहीत होतं म्हणता, तर तुम्हीही त्यात येता. समजून बोलून राह्यल्या ना?" मोठीमाय म्हणाली, "समजून. लिवा." आणि खाली सही केली. चौथीपर्यंत शिकली होती ती, सही सावकाश, अक्षर अक्षर जोडून करायची.

बाबांना संध्याकाळी कळलं. ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "आमाले तं विचारा लागत होतं! मेलेले वापस येतेत का? उद्या तुमाले बेड्या घातल्या तं?" मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "तो टायर आपल्या गाडीले नाई लागला, ते तुमच्यामुळंच ना? मंग बस ना वयनी. झालं ना तुमचं काम."

"तेच तं," मोठीमाय म्हणाली. "माह्यं काम तेवढंच नोतं."

मालकानं तिला काढून टाकलं. पोलीस कारखान्यात गेले तेव्हा मागची भिंत मोकळी होती. बंडीवाले सगळा माल घेऊन गेले, असं मालकानं सांगितलं. बाकीच्या कामगारांनी काही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कोण्या टायरवाल्यानं तिला कामाला ठेवलं नाही. मोहल्ल्यात दोन तट पडले. काही म्हणाले बाई खरी, काही म्हणाले आपलं तेवढं जपलं आणि लोकांचं मरू दिलं, आता कशाला साधूपणा. दुसरं म्हणणं तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "खोटं काय हाय त्यात?"

पुढच्या वर्षी आजी गेली. बाबांनी महिन्याभरात गाडी विकली. आजीसाठी घेतली होती, आता काय कामाची, असं ते सांगत. पण खरं म्हणजे त्या अपघातानंतर मागच्या सीटवर आई बसत नव्हती. मोठीमाय मूलला भावाच्या घरामागच्या खोलीत राहायला गेली. बाबांनी तिला थांबवलं नाही, आणि ते न थांबवणं त्यांना आयुष्यभर डाचलं, हे मला माहीत आहे.

मूलच्या नाक्याजवळ कडुनिंबाखाली ती पंक्चर काढायला बसू लागली. बाई पंक्चर काढते म्हणून लोक आधी पाहायला थांबायचे. जीपवाले, काळीपिवळी टॅक्सीवाले तिच्याकडून जुने टायर तपासून घ्यायला येऊ लागले. तिची एकच अट असायची. खराब निघाला तर ती तिथेच करवतीनं कड कापणार, परत देणार नाही. बरेच जण ते ऐकून निघून जात. एकानं कापलेला टायर तिच्या अंगावर फेकला होता. त्यात तिचं मनगट मोडलं आणि ते वाकडंच बसलं.

खटला १९८७ च्या नोव्हेंबरात चंद्रपूरला उभा राहिला. मी तेव्हा कॉलेजात होते, तिच्यासोबत गेले. मोठीमायला आरोपी केलं नव्हतं, साक्षीला बोलावलं होतं. मालकाच्या वकिलानं तिला विचारलं, टायर तपासण्याचं शिक्षण कुठे झालं. ती म्हणाली, सोमाजी मिस्त्रींपाशी. प्रमाणपत्र? नाही. अशा खुणेचे टायर त्या मोटारमालकाचे किती? आठ-दहा असतील. मग हाच तो, हे कशावरून?

"आतून हात फिरवला होता मी. माह्या हाताले माहीत हाय."

कोणीतरी हसलं. वकील हसला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "तुम्ही त्याच दिवशी गिऱ्हाइकाला सांगितलंत?"

"नाई."

"पोलिसांना?"

"नाई."

"अपघातानंतर किती दिवस त्याच मालकाकडे कामाला जात होतात?"

"नऊ दिवस."

"बस," वकील म्हणाला आणि खाली बसला.

फुटलेला टायर अडीच वर्षं उघड्यावर पडून भुगा झाला होता. त्यावरून काही ठरवता येत नाही, असं तपासणाऱ्यानं सांगितलं. मालकाविरुद्ध काही शाबीत झालं नाही. गुरुजी गाडी फार वेगात चालवत होते, उन्हानं टायर तापला, असं कागदावर राहिलं. मालक बाहेर आला, आमच्यासमोरून गेला. जाताना त्यानं सवयीनं मोठीमायला "येतो बाई" म्हटलं, आणि मग आपण कोणाला म्हणालो ते लक्षात येऊन भराभर पायऱ्या उतरला.

ठमाबाई कोर्टात होती. कुबडीवर आली होती, सोबत कोणी नव्हतं. तिला सावलीला जायचं, मोठीमायला मूलला, गाडी एकच. एसटी स्टँडवर आम्ही तिघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो. खूप वेळ गाडी लागली नाही. ठमाबाई समोर पाहत होती. एकदा तिनं पाण्याची बाटली काढली, प्याली, झाकण लावलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. मोठीमायलाही तसंच वाटत असावं, कारण ती मांडीवरचे हात सारखे उलटेपालटे करत होती.

"बाई," शेवटी मोठीमायच म्हणाली, "मी अजून अर्ज करीन. वरच्या कोर्टात."

"करा," ठमाबाई म्हणाली. "तुमाले करायचं असन तं करा. मले आता नाई यायचं."

गाडी लागली. गर्दी दाराशी लोटली. ठमाबाई कुबडी सावरत कडेला उभी राहिली, गर्दी ओसरल्यावर दाराशी गेली. पायरी उंच होती. तिनं कुबडी वर टेकवली, पण अंग उचलेना. मोठीमाय मागेच होती. तिनं हात पुढे केला. ठमाबाईनं त्या हाताकडे पाहिलं, वाकड्या मनगटाकडे पाहिलं. मग तिनं दाराचा दांडा धरला आणि आत उभ्या असलेल्या कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, जरा हात देता का?"

कंडक्टरनं तिला वर ओढून घेतलं. दाराजवळच्या कोणीतरी उठून तिला जागा दिली. मोठीमाय पायरीशी उभी होती.

"चला ना बाई, जागा हाय," कंडक्टर म्हणाला.

"जाऊ द्या," मोठीमाय म्हणाली. "मी मागच्या गाडीनं येतो."

गाडी निघून गेली. मागची गाडी दीड तासानं होती. तिनं मला घरी जायला सांगितलं, पण मी थांबले. ती बाकाच्या आपल्या टोकाला जाऊन बसली, आणि मी तिच्या शेजारी.